टिल्टवाला हॅरी

आपल्या सिलॅबसमध्ये फॅराडे आहे, एडिसन आहे, टेस्ला आहे. हॅरी विल्यम्स नाही. म्हणजे हा माणूस ओरलला विचारला जाणार नाही, तेव्हा निवांत वाचा! पण पिनबॉल नावाच्या खेळाच्या दुनियेत हे नाव फार मोठं आहे. चार पायांवर उभं, काचेचं झाकण असलेलं उतरतं टेबल, आत पळणारी पोलादी गोळी, दिवे, घंट्या आणि बटण दाबलं की फटकन उचलले जाणारे दोन छोटे हात... एखाद्या इंग्रजी सिनेमात तरी पाहिलं असेलच. त्या टेबलात वीज खेळवणारा आणि ते किती हलवायचं याची हद्द ठरवणारा इंजिनिअर म्हणजे हॅरी. १९०६ साली जन्मला, १९८३ साली गेला. वयाने आपल्या पणजोबांच्या पिढीतला, पण मी त्याला एकेरीतच बोलावणार. आपल्याच धंद्यातला माणूस, त्याला अहो-जाहो काय करायचं!

मी इथे इलेक्ट्रिकल मशीन्सची लॅब घेतो. सोलेनॉइड शिकवायची वेळ आली की मला हॅरी आठवतो. गेल्या वर्षी त्याच्याबद्दल बरंच वाचलं आणि लक्षात आलं, की ही नुसती एका खेळाची गोष्ट नाही. एखादं यंत्र पैसे कसं कमावतं, खेळणारा आणि मालक यांच्यात इंजिनिअर कुठे उभा राहतो आणि धंदा बदलला की त्याच यंत्राचं काय होतं, हे सगळं या एका माणसाच्या आयुष्यात दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. बॅगाटेल आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलेलं असतं. खिळे ठोकलेली लाकडी पाटी, एका बाजूने गोटी ढकलायची, ती खिळ्यांवर आपटत आपटत कुठल्या तरी खणात पडणार, त्या खणाचे तितके मार्क. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने या खेळातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. त्यात गोटी ढकलायच्या काठीच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला. पुढची साठ वर्षं मात्र हा खेळ फार काही मोठा झाला नाही. तो मोठा झाला मंदीत.

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. लोकांच्या हाताला काम नाही, खिशात चिल्लर. अशा वेळी १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' नावाचं काउंटरवर ठेवायचं यंत्र बाजारात आणलं. किंमत साडेसतरा डॉलर, खेळायचं मोल एक सेंट. आता हिशेब करा. साडेसतरा डॉलर म्हणजे १७५० सेंट. यंत्र विकत घेऊन दुकानात ठेवणारा तो ऑपरेटर. गल्ल्यातला निम्मा वाटा दुकानदाराला, निम्मा ऑपरेटरला, अशी या धंद्याची साधारण पद्धत. समजा दिवसाला तीनशे डाव झाले, तर ऑपरेटरच्या हाती रोज दीडशे सेंट, म्हणजे यंत्र बारा दिवसांत फिटलं. तेराव्या दिवसापासून नफा! आपल्या इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरमध्ये एवढा सुंदर पेबॅक पिरियड कधी बघितलाय? हजारो बेकार माणसं चार पैसे जमवून ऑपरेटर झाली ती यामुळेच.

हॅरी याच लाटेत या धंद्यात शिरला. जन्म न्यूयॉर्कचा, पण पोरवयातच लॉस एंजेलिसला आलेला. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकला. शिकून बाहेर पडला तर समोर मंदी. (हा भाग आपल्या फायनल इयरवाल्यांना वेगळा समजावून सांगायला नको.) त्याने पाहिलं, की लोक एका यंत्राला लवकर कंटाळतात. गोळी कुठून टाकली की कुठे जाते हे पाठ होतं आणि गल्ला आटतो. मग ऑपरेटरला नवं यंत्र घ्यावं लागतं. पण पेटी तीच, काच तीच, नाणं टाकायची यंत्रणा तीच. शिळी होते ती फक्त आतली पाटी. हॅरीने जुन्या यंत्रांसाठी नव्या पाट्या बनवून विकायला सुरुवात केली. ऑपरेटरचा खर्च वाचला आणि हॅरीचं पोट भरलं. सगळं यंत्र न बदलता जे झिजतं तेवढंच बदलायचं, हा त्याचा पहिला धडा. त्याच्या डिझाईनची सुरुवात खेळापासून नाही, ऑपरेटरच्या खर्चाच्या वहीपासून झाली, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य किस्सा. १९३२-३३ च्या सुमारास त्याने 'अ‍ॅडव्हान्स' नावाचं यंत्र केलं. त्यात नाजूक तोललेली छोटी फाटकं होती, गोळी नीट आली की उघडणारी. यंत्र दुकानात बसलं, चांगलं चालायलाही लागलं. एक दिवस हॅरी स्वतः तिथे उभा असताना एका गिऱ्हाइकाने यंत्राच्या बुडाला खालून जोरदार थाप मारली. फाटकं आपोआप उघडली आणि गोळी हवी तिथे गेली! हॅरी भडकला. त्याने यंत्र परत आणलं आणि त्याच्या बुडातून खिळे ठोकले, टोकं खाली. आता मार म्हणावं थाप!

राग ओसरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे भलतंच झालं. थाप मारणाराचा तळहात फाटायचा. गिऱ्हाइकाला जखमी करून कुठला धंदा चालतो? मग त्याने डोकं लावलं. एका छोट्या खुंटीवर एक गोळी नुसती ठेवली. यंत्र फार हललं की ती खुंटीवरून घसरून खालच्या धातूच्या कडीवर पडायची. पडली की डाव संपला. कुणाला इजा नाही, भांडण नाही, गोळी पडलेली सगळ्यांना दिसते. पुढे एका गिऱ्हाइकाने आपल्याकडून यंत्र कललं हे सांगताना टिल्ट हा शब्द वापरला, तो हॅरीच्या कानावर पडला आणि त्याने तो उचलला. आजही जगातल्या यंत्रांवर तोच शब्द आहे.

नंतर त्याने खुंटीवरच्या गोळीऐवजी लंबक आणला. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसं एक वजन धातूच्या कडीच्या मधोमध लोंबतं. यंत्र थोडं हललं तर ते कडीच्या आत झुलतं. जास्त हललं तर कडीला टेकतं, सर्किट पूर्ण होतं आणि खेळ बंद. वजन वरखाली सरकवलं की संवेदनशीलता कमी-जास्त. एक स्विच, तोही दोन धातूंचा! पण या साध्या कल्पनेत मला फार मोठं शहाणपण दिसतं.

खिळा काय सांगतो? हात लावायचाच नाही. टिल्ट काय सांगतो? हात लाव, पण इतकाच. पिनबॉल खेळणारा माणूस यंत्राला कमरेने, तळहाताने हळूच धक्के देतोच. गोळी मधल्या भोकाकडे निघाली की टेबल जरासं सरकवून तिला वाचवायचं, यातच खरं कसब. खिळ्यांनी चोरी थांबली असती, पण खेळही मेला असता. टिल्टने चोरीची हद्द आखली आणि हद्दीच्या अलीकडचं सगळं खेळाडूला बहाल केलं. जो हद्दीच्या अगदी काठापर्यंत जाऊन परत येतो तो उस्ताद.

विंडोज एक्सपीच्या जमान्यात जे हॉस्टेलला राहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. संगणकात फुकट आलेला तो अंतराळातला पिनबॉल सबमिशनच्या रात्रीसुद्धा चालू असायचा. त्यातही टेबलाला धक्का द्यायच्या कळा होत्या, आणि फार धक्के दिले की टिल्ट होऊन बटणं मरायची. तिथे ना लाकूड, ना लंबक, ना वाचवायचा कुणाचा गल्ला. तरी हॅरीची हद्द होतीच! हे का, त्याकडे शेवटी येतो.

हॅरीचं दुसरं मोठं काम १९३३ सालचं 'कॉन्टॅक्ट' हे यंत्र. तोवर यंत्रात गोळी फक्त उतारावरून घरंगळायची. भोकात पडली की बसली तिथेच. हॅरीने कोरड्या बॅटऱ्या बसवल्या आणि भोकाखाली सोलेनॉइड लावला. गोळी पडली की स्विच दाबला जातो, कॉइलमधून करंट जातो, गाभा उसळतो आणि गोळी पुन्हा मैदानात! शिवाय घंटा वाजायची. लॅबमध्ये आपण जो प्रयोग जांभया देत करतो, तोच त्या काळात लोक नाणी टाकून बघत होते. इथून पुढे पिनबॉल हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा प्रांत झाला. हॅरीने बिऱ्हाड हलवलं ते शिकागोला, कारण या धंद्याचे सगळे मोठे कारखाने तिथे होते.

पण याच सुमारास धंद्याला वाईट वळण लागलं. काही यंत्रं जिंकणाऱ्याला थेट नाणी देऊ लागली. म्हणजे खेळ राहिला बाजूला, जुगार सुरू झाला. शाळकरी पोरांचे खाऊचे पैसे त्यात जातात अशी ओरड झाली. १९३९ साली हॅरीच्या लॉस एंजेलिसमध्ये पिनबॉलवर बंदी आली. १९४२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या महापौरांनी, फियोरेल्लो ला गार्डियांनी, बंदी घातली आणि फोटोग्राफरांसमोर घण घालून यंत्रं फोडली. शिकागोत यंत्रं बनत, पण शहरात खेळायला मात्र बरीच वर्षं मनाई होती. आपल्याच गावात आपला माल बेकायदा, असा हा धंदा!

त्यात महायुद्ध. लोखंड, तांबं सगळं लढाईकडे, नवी यंत्रं बनवणं बंद. हॅरीने काय केलं असेल? बरोबर, जुना धडा. १९४२ मध्ये लिन ड्युरंट या जोडीदाराबरोबर त्याने युनायटेड मॅन्युफॅक्चरिंग काढली आणि जुन्या यंत्रांना नवं रूप देऊन विकायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, तिथून बाहेर पडून स्वतःची विल्यम्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी केली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये 'सस्पेन्स' हे या कंपनीचं पिनबॉल आलं.

१९४७ साली मात्र बाजी मारली प्रतिस्पर्ध्याने. गॉटलीब कंपनीच्या हॅरी मॅब्सने 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात फ्लिपर बसवले, म्हणजे मघाशी सांगितलेले ते फटकन उचलले जाणारे हात. सगळा धंदा त्यामागे धावला, विल्यम्ससुद्धा. आता गोळी नशिबावर राहिली नाही, खेळाडू ती परत वर मारू शकत होता. एका नाण्यात किती वेळ खेळायला मिळेल हे खेळाडूच्या हाताने ठरू लागलं. ऑपरेटरचं पोट भरायचं तर डाव लवकर संपायला हवा. खेळाडू परत यायचा तर डाव रंगायला हवा. टिल्ट फार घट्ट बांधला तर गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या दुकानात जातं, फार सैल ठेवला तर एका नाण्यावर अर्धा तास काढतं. या दोन्हींच्या मधला बिंदू शोधणं हे ऑपरेटरचं खरं काम होतं, आणि त्यासाठी हॅरीने त्याच्या हातात तो सरकवता येणारा लंबक दिला होता.

त्याच वर्षी सॅम स्टर्न नावाचा फिलाडेल्फियाचा व्यावसायिक कंपनीत भागीदार म्हणून आला. पुढे हॅरीने कंपनीतून अंग काढून घेतलं. नाव दारावर राहिलं, माणूस बाहेर पडला. पण खेळ काढणं त्याने सोडलं नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली लॉस एंजेलिसची बंदी उठवली. १९७६ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेपुढे रॉजर शार्प या तरुणाने गोळी कुठे जाणार हे आधी सांगून तसं करून दाखवलं आणि हा हाताच्या कसबाचा खेळ आहे हे पटवलं. तिथलीही बंदी गेली. हॅरी तेव्हा सत्तर वर्षांचा होता. त्याच दशकाच्या शेवटी सॅम स्टर्नच्या नव्या कंपनीसाठी, स्टर्न इलेक्ट्रॉनिक्ससाठी, तो नवी यंत्रं काढत होता. सत्तरीत आपण काय करत असू कोण जाणे!

पण तोवर वेगळाच शत्रू आला होता. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स', १९८० चा 'पॅकमॅन'. पुन्हा हिशेब करा. पिनबॉलमध्ये खरी गोळी खऱ्या वस्तूंवर आपटते. रबर तुटतं, बल्ब जातात, कॉइल जळते, फ्लिपरचे सांधे झिजतात. आठवड्याला मेकॅनिक हवा. व्हिडिओ गेममध्ये हलतं काय? फक्त चित्र! त्याच दुकानात, त्याहून कमी जागेत, देखभालीशिवाय तो जास्त नाणी गिळतो. मग ऑपरेटर काय घेणार? खुद्द विल्यम्स कंपनीनेच 'डिफेंडर' नावाचा व्हिडिओ गेम काढून भरपूर कमाई केली. या धुमश्चक्रीतच १९८३ साली हॅरी वारला.

हॅरी गेला, पण त्याच्या नावाची कंपनी चालू राहिली आणि तिची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही. १९९२ साली याच कारखान्यातून 'द अ‍ॅडम्स फॅमिली' हे यंत्र निघालं. वीस हजारांवर यंत्रं खपली, आणि इलेक्ट्रॉनिक पिनबॉलमध्ये तो विक्रमच ठरला. आणि सातच वर्षांनी, १९९९ मध्ये, कंपनीने पिनबॉल कायमचं बंद केलं. कारण काय? कंपनीच्या कॅसिनोच्या स्लॉट मशीनच्या धंद्यात नफा जास्त होता. जो खेळ जुगार म्हणून घणाने फोडला गेला, जो जुगार नाही हे सिद्ध करण्यात तीस-पस्तीस वर्षं गेली, तो शेवटी बंद पडला तो जुगाराच्या यंत्रांपुढे. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो.

तरी खेळ मेला नाही. सॅम स्टर्नचा मुलगा गॅरी याने १९९९ मध्ये स्टर्न पिनबॉल कंपनी उभी केली आणि नंतर बरीच वर्षं नवी यंत्रं नियमित बनवणारी ती जवळजवळ एकटीच होती. २०११ मध्ये जर्सी जॅक पिनबॉल निघाली, मग आणखी काही. पण गिऱ्हाईक बदललं होतं. आता यंत्र विकत घेतो तो बऱ्याचदा ऑपरेटर नसतो, हौशी माणूस असतो. तरुणपणी नाणी टाकून खेळलेला, आता नोकरी-धंद्यात स्थिरावलेला. तो यंत्र तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये ठेवतो. गेल्या काही वर्षांत साध्या नव्या यंत्राची किंमत सात हजार डॉलरच्या आसपास गेली आहे, मर्यादित आवृत्त्या त्याहून कितीतरी महाग. आपल्या पैशांत साध्या यंत्रालाच पाच-सहा लाख! साडेसतरा डॉलरचं यंत्र बारा दिवसांत फिटायचं. हे यंत्र घरात ठेवलं तर कधीच फिटत नाही, कारण त्यात कुणी नाणंच टाकत नाही.

काही ठिकाणी मधला मार्गही निघाला आहे. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलमीडा गावच्या पॅसिफिक पिनबॉल म्युझियममध्ये एकदा प्रवेशशुल्क भरायचं आणि हवं तितकं खेळायचं, जुन्या यंत्रांवरसुद्धा. म्हणजे डावाचे पैसे नाहीत, वेळेचे आहेत. अमेरिकेत बारमध्ये पाच-दहा यंत्रं ठेवून स्पर्धा भरवतात, तिथे खरी कमाई खाण्यापिण्यातून होते. नवी यंत्रं इंटरनेटला जोडलेली असतात, खेळाडूचा स्कोअर साठवतात. माझ्या मते भविष्य यातच आहे. नाक्यावरच्या दुकानात नाणी गोळा करणारं यंत्र म्हणून पिनबॉल परत येणार नाही. देखभालीचा खर्च ते येऊ देणार नाही. पण पियानोसारखी, घरात आणि क्लबात जपायची, दुरुस्त करत राहायची वस्तू म्हणून ते टिकेल. मात्र त्यासाठी कॉइल बदलू शकणारी, जुनं सर्किट वाचू शकणारी माणसं लागतील. यंत्रं आहेत आणि ती उघडणारे हात नाहीत, अशी वेळ आली तरच ते खरं संपेल.

आणि आता मघाचा प्रश्न. घरात गल्ला नाही, वाचवायचं उत्पन्न नाही. मग टिल्टची गरज काय? लंबक काढून ठेवला तर विचारणारं कोण आहे? तरी नव्या यंत्रात टिल्ट असतो. फरक इतकाच, की आता आधी एक-दोन इशारे मिळतात आणि सहसा पूर्ण डाव न जाता चालू गोळी जाते. बरेच शौकीन तर स्वतःच्या घरात तो मुद्दाम घट्ट बांधतात. स्वतःच्याच यंत्रात, स्वतःच्याच विरुद्ध! कारण हद्द काढली की टेबल उचलून गोळी हवी तिथे नेता येते आणि मग आकड्यांना काही अर्थ उरत नाही. हॅरीने जे मालकाच्या पैशांसाठी केलं ते मालक गेल्यावरही खेळासाठी राहिलं. आपण बनवलेल्या वस्तूचं एवढं भाग्य फार थोड्या इंजिनिअरांना लाभतं.

हॉस्टेलपासून लॅबपर्यंत नियम करणारे आपण सगळेच आहोत. नियम करताना आधी हाती येतो तो खिळाच, कारण तो सोपा असतो. कुलूप लावा, बंद करा, हात लावू नका. टिल्ट बनवायला वेळ लागतो. किती चालेल आणि कुठे थांबायचं हे नीट मोजावं लागतं, आणि ते समोरच्याला दिसेल असं ठेवावं लागतं. मेस कमिटीने आणि आम्ही मास्तरांनीही यावर जरा विचार करायला हरकत नाही.

जाता जाता सेकंड इयरवाल्यांना एक सुचवतो. मिनी प्रोजेक्टला दर वर्षी तेच ते लाइन फॉलोअर येतात. त्याऐवजी एक उतरती पाटी, एक सोलेनॉइड, धातूची एक कडी आणि एक ओळंबा घ्या. खर्च फारसा नाही. टिल्टची हद्द बदलून दाखवा आणि प्रत्येक हद्दीला डाव सरासरी किती सेकंद चालतो त्याचा आलेख काढा. दोन टोकांच्या मध्ये कुठे खेळायला सगळ्यात मजा येते ते मला येऊन सांगा. ओरलला मी एवढंच विचारेन.